दालचिनीचं लाल पाणी

बाई,

तुम्ही गेलात तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या होता. मी या दिवाळीत त्रेसष्टची झाले, म्हणजे हिशेबानं आता मीच तुमच्यापेक्षा मोठी. आणि तरी हे लिहायला बसताना मी पदर नीट केला, पेनचं टोपण मागे लावलं आणि पाय खाली सोडून बसले. तुमच्यासमोर मांडी घालून बसायची हिंमत मला तुमच्या हाताखालच्या दोन वर्षांत एकदाही झाली नव्हती, ती आता कुठून येणार? गडचिरोलीच्या बाजारात दालचिनी आता चकचकीत पाकिटात मिळते. फोनवर रोज कोणी ना कोणी पाठवतं, सकाळी उपाशीपोटी दालचिनीचं पाणी प्या, शुगर जाईल, वजन जाईल, गुडघे मोकळे होतील, सर्दी तर फिरकणारच नाही. मरण तेवढं टळेल असं लिहायचं राहिलंय. तुम्ही हे वाचलं असतं तर चष्मा कपाळावर सारून म्हणाला असता, "बापा! मंग आपुन हे दवाखाने काऊन बांधून राह्यलो?" मीही हसते, मेसेज पुसून टाकते. पण चहात एक तुकडा टाकला आणि तो वास वर आला, की माझा हात थांबतो. चाळीस वर्षं होत आली, अजून थांबतो.

मी रुजू झाले तो दिवस तुम्हाला आठवत असेल की नाही कोण जाणे; मला मात्र तो चवीसकट आठवतो. बावीस वर्षांची मी, नर्सिंगचं ट्रेनिंग नुकतं संपलेलं, ब्रह्मपुरीकडच्या धानवाल्या शेतकऱ्याची पोर. गडचिरोली जिल्हा नवा नवा झाला होता आणि त्याच्या पोटात एवढं जंगल असतं हे मला माहीतच नव्हतं. एसटीत ओकले, एसटी संपली तिथून ट्रॅक्टरमध्ये ओकले, आणि भामरागडच्या अलीकडच्या त्या उपकेंद्रापुढे उतरले तेव्हा माझ्यात लोखंडी पेटी उचलायचीही ताकद नव्हती. दोन खोल्या, कवेलूचं छप्पर, मागे चूल. तुम्ही दारात उभ्या, उंच, काटकुळ्या, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवलेलं. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलंत आणि म्हणालात, "काय वं, तुले नर्स म्हनून पाठवलं का पेशंट म्हनून?" मला रडू आलं. तुम्ही आत गेलात, काचेची बरणी आणलीत आणि नखाएवढा एक तुकडा माझ्या तोंडात टाकलात. "चावू नको. गालात ठेव, रस गिळ." आधी गोड लागलं, मग हळूच तिखट, मग घशातून पोटापर्यंत एक ऊब उतरली आणि दिवसभर उसळणारं पोट गप्प झालं. आमच्या घरी दालचिनी म्हणजे मटणाच्या मसाल्यातली काडी, लग्नाकार्याला आणायची. तिचा असा उपयोग असतो हे मी ट्रेनिंगमध्ये शिकले नव्हते. मी विचारलं, हे कसं झालं? तुम्ही म्हणालात, "कसं झालं ते सालीले विचार. झालं हे पाह्य."

ती बरणी म्हणजे तुमचं दुसरं औषधाचं कपाट होतं. सरकारी कपाटातलं सगळं तुम्ही वहीत लिहून द्यायच्या, बरणीतलं मात्र स्वतःच्या पगारातून आणायच्या आणि तोलूनमापून वापरायच्या. सर्दी-खोकल्याला सुंठ, गूळ आणि दालचिनीचा काढा. पोट फुगलं तर चिमूटभर पूड कोमट पाण्यातून. तोंडाला चव नसेल तर तांदळाच्या पेजेत एक काडी. जंगलखात्याचा गार्ड दाढ धरून आला तेव्हा त्याच्या दाढेखाली तुकडा ठेवलात, अर्ध्या तासात तो हसायला लागला आणि तुम्हाला हात जोडून निघाला, तर तुम्ही त्याला ओसरीवरून परत बोलावलंत. "दुखनं झोपलं हाय भाऊ, मेलं नाई. कीड आतच हाय. चंद्रपूरले जा अन् दाढ काढून ये." पोटुशी बाईला मूठभर साल उकळून द्यायची नाही, ती उष्ण पडते, हे तुम्ही मला तीनदा म्हणून दाखवायला लावलंत. आणि ती माझी कपाळाची गोष्ट! डोकं दुखत होतं म्हणून मी तुम्हाला न विचारता सहाणेवर दालचिनी उगाळली, कपाळावर जाड लेप दिला आणि झोपले. उठले तर भुवईच्या वर लालभडक चट्टा, आग आग. तुम्ही पाणी लावत होता आणि हसत होता. "सालीतबी इस्तो असते वं. तुले वाटलं चंदन हाय?" तो डाग आठ दिवस राहिला आणि आठही दिवस तुम्ही प्रत्येक पेशंटला तो दाखवलात.

मला तेव्हा राग यायचा. आता वाटतं, मी किती भाग्याची होते. एका झाडाच्या सालीला एवढे गुण आणि तेवढेच अवगुण, आणि दोन्ही ज्या बाईला ठाऊक आहेत ती मला शिकवायला मिळाली होती. एकदा मी म्हटलं, हे झाड कसं दिसतं? तुम्ही म्हणालात, "मी नाई पाह्यलं. दूर तिकडे समुद्राकडे रायते म्हनतात. कोवळ्या फांद्या तोडतात, आतली साल सोलतात, उन्हात ठेवली की ती आपोआपच गुंडाळते. अन् त्या खोडाले पुन्हा धुमारे फुटतात." तुम्ही तुकडा उजेडात धरला होता. तुमच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी नंतर देवळातही कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही. आणि देवळात तर तुम्ही जात नव्हता. तुमच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा तुम्ही सोळा वर्षांच्या होता. रोज सकाळी बुद्धाच्या तसबिरीपुढे पंचशील म्हणायच्या, आणि खोटं बोलणार नाही हे शील आलं की आवाज जरा चढायचा. माझ्याकडे पाहून चढायचा असं मला वाटायचं.

मग तो पावसाळा आला. नदी चढली, रस्ता बंद झाला, आणि पुढच्या महिनाभरात हगवण-उलटीनं एकेक गाव धरलं. जलसंजीवनीची पाकिटं होती तेवढी संपली. तुम्ही घाबरला नाहीत. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, आणि चव डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट नको. हे तुम्ही मला चाखून चाखून शिकवलंत. पण लोक ते पाणी घेईनात. पोराला पाणी पाजलं तर तेच खाली पडतं, म्हणून पाणीच तोडायचं, ही तिकडची रीत. नुसती तिकडची कशाला, माझी आईही तेच करायची. पहिलं लेकरू घेऊन एक माडिया आदिवासी आजी आली होती. नातू दोन वर्षांचा, मान टाकलेली. तिनं तुमच्या वाटीतलं पाणी बोटावर घेऊन चाटलं आणि वाटी खाली ठेवली. "येर," ती म्हणाली. पाणी. मग मोडक्या मराठीत, "पानी आमच्या नदीत बी हाय. साल कुठी हाय?"

तिच्या जन्मात औषध म्हणजे साल, नाहीतर मूळ. त्यासाठी पहाटे जायचं, झाडापुढे तांदळाचे दोन दाणे ठेवायचे, एकाच बाजूची साल काढायची, झाड मरू द्यायचं नाही. आणि आम्ही तिला रंग नसलेलं, वास नसलेलं काहीतरी देत होतो. तुम्ही तिच्याकडे बघत राहिलात. मग उठून चुलीवरच्या पातेल्यात दालचिनीचा एक तुकडा टाकलात. पाणी तांबूस झालं, वास खोलीभर पसरला. आजीनं मान वर केली. तुम्ही तिच्यासमोर बसलात आणि काय केलंत, तर खरं सांगितलंत! मला वाटलं होतं आता बाई म्हणणार, घे हे मोठं औषध. तुम्ही म्हणालात, "हे पानी हाय. हे मीठ, हे साखर. पोराले वाचवनारं हेच हाय. साल वासासाठी हाय, पोटाले थोडी बरी." आजीनं ते सगळं ऐकलं आणि फक्त साल उचलली. नाकाशी धरली. दाताखाली घेतली. तिचे डोळे मिटले. जंगलातली प्रत्येक साल जिला अंधारातही वासानं ओळखता आली असती, ती म्हणाली, "हे झाड मले नाई माईत." आणि तो तुकडा तिनं कपाळाला लावला. न पाहिलेल्या झाडाला नमस्कार! मी माझ्या ट्रेनिंगच्या पांढऱ्या साडीत उभी होते आणि माझ्या अंगावर काटा आला. मग तिनं स्वतः चमचा घेतला आणि पोराला पाजायला बसली. संध्याकाळी पोरगं तिच्या मांडीवर बसून तिच्या गळ्यातल्या माळा ओढत होतं.

बातमी पसरली ती सालीची. मीठ-साखर कोणी सांगितलं नाही, लाल पाणी सगळ्यांनी सांगितलं. लोक यायचे ते "लाल साल" मागायचे. तुम्ही प्रत्येकाला मीठ-साखर बांधून द्यायच्या, समोर पाणी करायला लावायच्या, चाखायला लावायच्या आणि मगच तुकडा द्यायच्या. मला कंटाळा यायचा. मला वाटायचं, एवढं काय समजावायचं? बोलण्यापेक्षा हाताला यश असावं लागतं. तुमच्या हाताला आहे, हळूहळू माझ्याही येईल.

तुम्ही एका बाळंतिणीसाठी दोन दिवस बाहेरगावी गेलात आणि तो आला. नदीपलीकडच्या गावचा, छातीपर्यंत भिजलेला, खांद्यावर कुऱ्हाड. ओसरीवर चढलासुद्धा नाही. "लहानी बाई, लाल साल दे. पोरगी. हगवन." तुम्ही मोठी बाई, मी लहानी बाई. मला लहानी बाई म्हणून कोणी फक्त माझ्याकडे काही मागायला आला तो हा पहिलाच. मी बरणी उघडली, तुमच्यासारखं एक एक तुकडा उजेडात धरून निवडला, सात-आठ तुकडे कागदात बांधले आणि म्हटलं, "उकळून पाज. थोडं थोडं." बस. एवढंच. त्यानं दोन्ही हातांनी पुडी घेतली, डोक्याच्या मुंडाशात खोवली आणि पाण्यात उतरला. साखरेचा डबा माझ्या पाठीमागे होता, बाई. अर्धा भरलेला होता. मी विसरले असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. खरं ते असं आहे की मला तुमच्यासारखं कमी बोलून औषध द्यायचं होतं. तुम्ही कमी बोलायच्या नाहीत, हे मला दिसत असूनही.

दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आत तुम्ही आलात. पाय धुता धुता विचारलंत, "कोन आलं होतं?" मी फुशारकीनं सांगितलं. तुमचा हात थांबला. "मीठ-साखर सांगतलं?"

"हो."

"बांधून देल्लं?"

"घरी आहे म्हणाला."

दोनदा खोटं बोलले, बाई, आणि दुसरं पहिल्यापेक्षा सोपं गेलं. तुम्ही भिजलेला पदर पिळलात, पिशवीत साखर, मीठ, चमचा, पातेलं टाकलंत आणि म्हणालात, "चाल." मी म्हटलं, तुम्ही जेवला नाहीत. तुम्ही पुढे निघूनसुद्धा गेला होता.

डोंग्यातून नदी ओलांडली. एका लाकडाच्या पोकळीत आपण दोघी आणि वल्हवणारा, आणि काठाकाठानं वाहून जाणारी झाडं. तुम्हाला पोहता येत नव्हतं हे मला तेव्हा कळलं, कारण डोंग्याची कड धरलेली तुमची बोटं पांढरी झाली होती. पुढे चिखलातून दीड-दोन कोस. ते घर. पोरगी चारेक वर्षांची. डोळे खोल गेलेले, ओठ वाळलेल्या पानासारखे. तुम्ही तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडलीत, ती तशीच उभी राहिली. ती रडत होती, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. शेजारी गाडग्यात काळंकुट्ट पाणी. तिच्या आईनं सगळी साल एकदम उकळून, आटवून, औषध म्हणून दिवसातून तीनदा एक एक चमचा दिलं होतं. आणि औषध चालू आहे म्हणून साधं पाणी, पेज, सगळं तोडलं होतं. तिनं काहीच चुकवलं नव्हतं. मी सांगितलं तेवढं तिनं अक्षरशः केलं होतं.

पुढचं मी किती वेळा मनात पाहिलं असेल! तुम्ही तिला मांडीवर घेतलंत. मी पाणी उकळलं, गार केलं, चमचे मोजले, खात्री वाटेना म्हणून पुन्हा मोजले. आईनं पातेल्यात वाकून पाहिलं आणि विचारलं, साल? मला वाटलं आता तुम्ही भडकणार. तुम्ही त्या गाडग्याकडे एकदा पाहिलंत, पिशवीतून इवलासा तुकडा काढलात आणि पातेल्यात टाकलात. मला हळूच म्हणालात, "पोट्टीसाठी नाई. मायच्या हातात जोर यावा म्हनून." मग एक चमचा. थांबायचं. एक चमचा. ओकली. दहा मिनिटं थांबायचं, तुम्ही घड्याळ पाहायच्या, पुन्हा एक चमचा. हळूच चमचा आईच्या हातात गेला, तुम्ही नुसत्या तिचं मनगट धरून बसला. दुपार कलली. बाहेर बाप उकिडवा बसलेला, हलला नाही. मी किती नवस बोलले ते तुम्हाला सांगायची सोय नव्हती. आणि मग ती पोरगी कण्हली, तोंड वाकडं केलं, आणि तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यात एक थेंब आला. खरं, ओलं, गालावरून घरंगळणारं पाणी. आई ओरडली. मी बघत राहिले. आपण आत ओतलेलं पाणी तिच्या अंगानं घेतलं, जिथे जिथे कोरडं होतं तिथे पोचवलं आणि उरलेलं डोळ्यांतून परत दाखवलं! मी कितीएक बाळंतपणं केली, माणसं मरताना पाहिली, पण त्या एका थेंबाएवढं मोठं मी काही पाहिलं नाही. थोड्या वेळानं तुमची मांडी ओली झाली. तुम्ही खाली पाहिलंत आणि जन्मात पहिल्यांदा मी तुम्हाला खळखळून हसताना ऐकलं. "मुतली! अवं मुतली पोट्टी!" आख्खं घर हसायला लागलं. लुगडं मुतानं भिजलं म्हणून एवढा आनंद झालेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

मग तुम्ही बाहेर आलात. राग तुम्ही तेवढा वेळ बाजूला ठेवला होता, तो आता काढलात. बापापुढे उभ्या राहून, साऱ्या घरासमोर. "भाऊ, बाईनं तुले मीठ-साखर सांगतलं होतं ना?" त्यानं वर पाहिलं. तुमच्याकडे नाही, माझ्याकडे. मी दाराच्या चौकटीला धरून उभी. एक क्षणच. मग तो म्हणाला, "सांगतलं होतं. मीच भुललो." आणि तुम्ही त्याला झाडलंत. काय काय बोललात! पोरगी हातची गेली असती, कान कुठी ठेवले होते, कोंबडं विकायले जाशीन त हिशेब भुलत नाईस अन् लेकीचं औषध भुलतं? तो मान खाली घालून ऐकत होता. नदी छातीपर्यंत असताना उतरून गेलेला माणूस. मी एक शब्द बोलले नाही.

सकाळी पोरगी पेज पिऊन आईच्या पदराशी खेळत होती. तो आपल्याला पोचवायला नदीपर्यंत आला. तुम्ही आधी डोंग्यात बसलात, आणि काठावर मी त्याला पुटपुटत विचारलं, तू असं का म्हणालास? त्याला मराठी जेमतेम, पण त्यानं मला समजेल असं सावकाश सांगितलं. "साल तूनं देल्ली. माही बायको आज बी तेच पानी पाजून राह्यली. देनाऱ्या बाईले खोटी पाडलं, त बायको उद्या पाजनार नाई. पोरगी पुरी बरी नाई झाली अजून." एवढं बोलून त्यानं मला हाताला धरून डोंग्यात बसवलं, घसरू नये म्हणून. त्याच्या डोळ्यांत राग शोधला मी. नव्हता. त्याला फक्त पोरगी जगवायची होती, आणि त्यासाठी त्यानं स्वतःची लाज अशी सहज खर्चून टाकली, जसं कोणी पेटवायला काटक्या मोडतं. आपण तिथे शिकवायला गेलो होतो, बाई!

मी तुम्हाला त्याच संध्याकाळी सांगणार होते. मग म्हटलं, आठवड्यानं. मग तुम्ही दायांच्या प्रशिक्षणात ती गोष्ट सांगायला सुरुवात केलीत. "एक बाप होता. बाईनं त्याले सांगतलं, अन् तो घाईत मीठ-साखर भुलला." काय सांगायच्या तुम्ही! दाया तोंडाला पदर लावून ऐकायच्या, आणि घरी जाऊन मीठ-साखर विसरायच्या नाहीत. मी शेजारी बसून पाकिटं वाटायची. गोष्टीनं लेकरं वाचत होती, ती खरी करून बिघडवायची कशाला, असं मी स्वतःला समजावलं. किती सोयीचं पडलं ते मला. तुमची बदली झाली, मग माझी. तुम्हाला शुगर निघाली. तुम्ही चहात दालचिनी घ्यायच्या पण गोळी एक दिवस चुकवली नाहीत, आणि कोणी सालीचं नुसतं पाणी पिऊन गोळी सोडतो म्हटलं की त्याला त्या बापाची गोष्ट ऐकवायच्या. शेवटी चंद्रपूरला दवाखान्यात मी भेटायला आले, तेव्हा ठरवूनच आले होते. तुमचा हात हातात घेतला. तोंड उघडलं. तर तुम्हीच म्हणालात, "त्या भुललेल्या बापाची गोष्ट सांगत जाजो पोट्टीइले. ध्यानात रायते." मी म्हटलं, हो. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

आणि मी सांगत गेले, बाई. तुम्ही असताना खरं बोलले नाही ते भीतीनं. तुम्ही गेल्यावर कोणाची भीती होती? तरी मी पंचवीस वर्षं ती तशीच सांगितली. बाप विसरला, बाप विसरला. नर्सांना सांगितली, अंगणवाडीतल्या बायांना सांगितली, रिटायर झाल्यावरही बोलावतात तिथे जाऊन सांगितली.

काल गडचिरोलीत आशा सेविकांचं प्रशिक्षण होतं. मी नेहमीसारखी रंगवून सांगितली. मागच्या रांगेत भामरागडकडची एक माडिया पोरगी बसली होती, मांडीवर लेकरू, सगळा वेळ गप्प. गोष्ट संपल्यावर तिनं हात वर केला. म्हणाली, "बाई, नदी उतरून औषध न्यायले आलेला बाप असं भुलत नाई. त्याले सांगतलंच नसंल."

सगळ्या तिच्याकडे वळून बघायला लागल्या. एक-दोघी हसल्या. मला माझा आवाज ऐकू आला. मी म्हटलं, "बरोबर आहे तुझं. सांगितलं नव्हतं."

ती म्हणाली, "कोनी?"

मी म्हटलं, "एक नर्स होती."

तेवढ्यात चहा आला, पोरी उठल्या. घरी येऊन हे लिहायला घेतलं ते आता पहाट होईल. तुम्हाला वाटेल मोठं धाडस केलं मी, एवढं सगळं लिहिलं. तसं काही नाही, बाई. कुठे पाठवायचं नाही हे ठाऊक होतं म्हणून लिहू शकले. तुमचा पत्ता असता, तर मी आजही एवढंच लिहिलं असतं, की एक नर्स होती.